बागडोर आणि मुखेडचा पर्वत

'बागडोर' हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रातच वाचला असेल. तिथे ती सदैव कुणाच्या तरी हाती जाते, आणि ज्याच्या हाती जाते त्याने बहुधा घोडा जवळून पाहिलेला नसतो. मूळ अर्थ साधा आहे. माणूस जमिनीवर उभा राहून घोड्याला चालवतो, वळवतो, आपल्याभोवती फिरवतो. त्या वेळी घोड्याच्या तोंडावरच्या मोरकीला बांधलेली लांब दोरी म्हणजे बागडोर. ती मी. सत्तेशी माझा काडीचा संबंध नाही.

लातूरच्या आबेदाबींनी मला सुताच्या तीन पेडांतून वळले. लांबी सोळा हात. त्यांचे पती जहांगीरभाई वरातीचे घोडे शिकवतात. त्यांच्या हाती मी अकरा वर्षे होते. ते मला लुगड्यासारखी घडीवर घडी घालून धरत. घोडा ओढू लागला की एकेक घडी सुटत जाई. हाताला वेढा त्यांनी कधीच दिला नाही. घोडा बुजला की ते समोरून बाजूला होत, खांद्याशी येत, त्याचे तोंड हलकेच आपल्याकडे वळवत आणि त्याला लहान वर्तुळात चालता ठेवत. चालता चालता भीती जिरते. एवढेच ते शास्त्र. ते शिकायला धीर लागतो. म्हणून बहुतेकांनी त्याऐवजी जोर पत्करला आहे.

गेल्या वर्षी मुखेडजवळच्या शेषेरावांनी माळेगावच्या यात्रेतून एक घोडा आणला. गोठ्याच्या दारातून जाताना त्याला मान लववावी लागे. नाव ठेवले पर्वत. हा पर्वत साधी पिशवी फडफडली तरी थरथरे. एकदा तो रानात उधळला, तेव्हा शेषेरावांनी बजावले, "अजून एक डाव उधळला, की इकून टाकतो." त्यांची मुलगी पुनम त्याला रोज चारा घाली. घोडा राहावा म्हणून तिनेच जहांगीरभाईंना बोलावून घेतले. त्यांच्यासोबत मी आले.

"महिना द्या," जहांगीरभाई म्हणाले.

"महिना? चाचा, आठ दिसांत गोऱ्हा औताला लागतो आमचा!"

"गोऱ्ह्याला वेसण हाय, शेषेराव. ह्याच्या नाकात काय हाय? वढावढीत त्योच जिंकणार."

"ऐकलं का पुनम? चाचा तुझ्या बापाला कमजोर म्हणून राहिले."

"खरंच हाय की मग," पुनम म्हणाली.

आठ दिवसांत पर्वत पिशवीजवळून शांतपणे जाऊ लागला. नवव्या दिवशी जहांगीरभाई एका वरातीसाठी लातूरला गेले. मला खुंटीला अडकवताना म्हणाले, "मी येईपर्यंत घोड्याला हात लावू नका."

त्याच दुपारी पाहुणे आले, आणि शेषेरावांना घोडा दाखवण्याची हुक्की आली. बैलाचा कासरा मनगटाला दोन वेढे देऊन धरायचा, ही इकडची पिढीजात रीत. वेसणीच्या जनावरापुरती ती चालून जाते. शेषेरावांनी मलाही तसेच गुंडाळले.

"आबा, वेढा काढा. चाचांनी काय सांगितलंय?"

"गप गं. चार माणसांत बापाला शिकवती का?"

खळ्यात सोयाबीनची रास ताडपत्रीने झाकली होती. वाऱ्याने तिचे टोक उचलले. पर्वत थबकला, कान टवकारले, नाकपुड्या फुगल्या. तो बुजला होता, उधळला नव्हता. ह्या दोन क्रियांमध्ये शहाण्या माणसाला पुरेसा वेळ मिळतो. शेषेराव त्याच्या पुढ्यात उभे राहिले, मला हिसके देऊ लागले आणि ओरडू लागले. पाहुणेही ओरडले. एकाने मोबाइल पुढे केला. मग मात्र पर्वत उधळला.

खळ्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत शेषेराव पालथे फरफटले. शेवटी वेढा निसटला तो दोन बोटे मोडून आणि तळव्याची साल घेऊन.

ओझे सुटताच पर्वत दहा पावलांवर थांबला. सगळे शेषेरावांकडे धावले. पुनमने बाप शुद्धीवर असल्याचे पाहिले आणि ती तिरप्या चालीने घोड्याकडे गेली. तिने मला उचलले, घड्या घातल्या, त्याला दोन फेऱ्या चालवले आणि ताडपत्रीपाशी नेले. त्याने ती हुंगली. ह्याचे चित्रीकरण कुणी केले नाही.

संध्याकाळी शेजारचे मल्लिनाथअप्पा आले. अश्वपरीक्षेत आपल्याला गती आहे असा त्यांचा समज आहे. चष्मा पुसून त्यांनी घोड्याच्या अंगावरचे केस चाचपले.

"हे बघा, पाठीवर भोवरा. असलं जनावर धन्याला खातंय."

"तरी मी म्हणलंच होतं," शेषेरावांच्या पत्नी तारामती म्हणाल्या. त्या काहीही म्हणाल्या नव्हत्या.

"अप्पा, भोवऱ्यानं ताडपत्री उडिवली का?" पुनमने विचारले. शेषेरावांनी घोडा विकला. चौथ्या दिवशी पर्वत एका अनोळखी ट्रकमध्ये चढला. चढतानाही तो बुजला. तिथल्या माणसानेही दोरी हाताला गुंडाळलेली होती.

मी आता बैठकीच्या भिंतीवर आहे. जहांगीरभाईंनी मला मागितले. शेषेरावांनी दिले नाही. माझ्यावरचा रक्ताचा डाग ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. कुणाला दया आलीच, तर मला खाली उतरवून लातूरला पोचवा.

गावात गोष्ट अशी सांगतात: घोडा भोवऱ्यामुळे उधळला, पण मर्दाने बागडोर सोडली नाही. भोवरा जहांगीरभाईंच्या आठही दिवसांत तिथेच होता. आणि सोडली नाही, हे तर धादांत असत्य. धुळीत तोंड घासत शेषेराव जे ओरडत होते ते मी सर्वांत जवळून ऐकले आहे: "सोडवा रे मला कुणीतरी!"