वर घर नसलेला जिना

चिखलाने माखलेले बूट. उकडलेल्या मक्याचा वास. दोरीवर निथळणारा निळा गणवेश. कोरडा रांजण. मशिदीच्या भोंग्यात कुणीतरी खाकरतं.

मित्रांनो, मी एक जुना जिना आहे. माझ्या वर घर नाही.

तेन्रीमावशीच्या नवऱ्याने मला घडवलं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर, आमच्या किनाऱ्यावर, घरं उंच लाकडी खांबांवर उभी असतात. घर हलवायचं झालं, की शुक्रवारच्या नमाजानंतर सगळा गाव खाली बांबू बांधतो आणि अख्खं घर खांद्यावर घेऊन चालू लागतो. तेवढ्यापुरता जिना सोडून ठेवतात.

आमचं घर असंच हाजी माप्पाच्या जागेवर आलं. "हवं तितकं राहा," तो म्हणाला होता. पाहुणे रांजणातल्या पाण्याने पाय धुऊन माझ्यावरून वर जात. मी कुरकुरत नाही, म्हणून लोक माझं कौतुक करत.

मग निकेलचा कारखाना आला. कामगारांचे लोंढे आले. गोठ्याएवढ्या खोलीचं भाडं गावातल्या माणसाला झेपेना.

हाजी माझ्याजवळ उभा राहिला. "तेन्री, रागावू नकोस गं. शब्द दिला तेव्हा इथं बेडूक राहायचे. आता खोल्यांसाठी माणसं रांग लावतात."

"मग बेडकांकडून भाडं घ्यायचं होतंस!" मावशी म्हणाली.

ओढ्यापलीकडे तिच्या भावाने परसातला कोपरा देऊ केला. फक्त घर तिथवर न्यायचं होतं. मशिदीच्या भोंग्यावरून हाक गेली. मावशीने मोठमोठी पातेली भरून मक्याची खिचडी रांधली. मला सोडवून कुंपणाशी ठेवलं.

आले ते म्हातारे. तरुण कारखान्यात पाळीवर होते. हाजीने पाण्याच्या बाटल्यांचे खोके पाठवले.

"तेन्री, आम्ही घर उचलायला आलोय की घराखाली मरायला?" बाचोआजोबांनी विचारलं. सगळे हसले. मग त्यांनी खरोखर जोर लावला. घर वीतभर उचललं गेलं आणि परत टेकलं.

मावशीने सगळ्यांना पोटभर वाढलं. उरलेली खिचडी कोंबड्यांना घातली.

शेवटी घर फळी फळी सुटं केलं. ते पुन्हा उभारायला सुतार हवे होते, आणि सुतार कारखान्यात. भाऊ वाट पाहून थकला. त्याने तो कोपरा एका खानावळवाल्याला दिला, आणि फळ्या विकल्या गेल्या.

आता त्याच जागेवर खोल्यांची रांग आहे. शेवटच्या खोलीत मावशी भाड्याने राहते. त्या खोल्या जमिनीलगत आहेत, तिथे जिन्याचं काय काम? मी भिंतीला टेकून असतो. कामगार माझ्यावर बूट वाळवतात. दिवसभर माझ्यावर एकही पाऊल पडत नाही.

संध्याकाळी मावशी येते. रांजण कोरडा, म्हणून तांब्याभर पाणी आणून आधी पाय धुते. मग माझ्या खालच्या पायरीवर बसते. वर कधी चढत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात कारखाना येईल. आला, तर कुणाच्या घरासाठी एक खांदा मोकळा ठेवा.

आमचं घर या जागेवर आणलं, तेव्हा सर्वांत पुढच्या बांबूखाली तरुण हाजी माप्पाचा खांदा होता.