माझा पेला कापला

मित्रांनो, मी एक जुनी, दारूची चपटी बाटली आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. माझं अंग जाड काचेचं, झाकण चांदीचं आणि पायात मोजा चढवावा तसा खालून चढवलेला चांदीचा पेला. म्हणजे होता. त्याबद्दलच सांगायचं आहे, आणि गोडीत सांगणं मला जमणार नाही.

ज्या सोनारानं तो पेला घडवला, त्यानं आधी माझी काच बोटांनी चाचपून पाहिली. ती जिथे किंचित वाकडी होती, तिथे त्यानं चांदीलाही तेवढाच बाक दिला. म्हणून तो पेला माझ्याशिवाय कुणालाच बसत नसे.

मला विकत घेतलं एका डॉक्टरांनी. डोंगर पोखरून बोगदा काढायचं काम चाललं होतं, तिथे ते नोकरीला होते. स्वतः थेंबभरही घेत नसत. माझ्यातली ब्रँडी जखमी मजुरांसाठी असे. एखाद्याचं मोडलेलं हाड बसवायचं असलं, की ते पेला त्याच्या ओठांना लावत आणि म्हणत, "घोटभर घे, मग ओरड हवं तेवढं." मुकादमाच्या पोटात ब्रँडीसाठी वरचेवर खोटी कळ येऊ लागली, तेव्हा त्याला त्यांनी एरंडेल पाजलं. कळ कायमची थांबली. त्या दिवसांत दगडांवर, पत्र्याच्या टेबलावर घासून माझ्या काचेवर ओरखडे उठले, पण मला त्यांची कधी लाज वाटली नाही.

डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलीनं मला जपलं. पुढे तिला मोठं घर सोडून दोन खोल्यांत जावं लागलं. तेव्हा एक संग्राहक आला. जुन्या बाटल्या जमवण्याचा त्याला भारी नाद. त्यानं मला हळुवार हातात घेतलं आणि म्हणाला, "ताई, काळजी सोडा. तुमच्या वडिलांची वस्तू माझ्याकडे जशीच्या तशी राहील." त्या शब्दावर तिनं मला दिलं.

त्याच्या कपाटात माझ्यासारख्या कितीतरी होत्या. सगळ्या लखलखीत आणि सगळ्या कोरड्या. त्यांत एक निमुळती, निळ्या काचेची, फार दुर्मीळ बाटली होती. तिचा पेला हरवलेला होता आणि प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

एका सकाळी त्यानं माझा पेला काढला, टेबलाच्या शिकंज्यात धरला आणि बारीक करवतीनं उभा कापला. मग कडा जवळ ओढून डाग देऊन सांधल्या आणि पेला अरुंद केला. त्याची बायको चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"अहो, हा त्या डॉक्टरांच्या बाटलीचा ना?"

"तिच्याकडे कोण बघणार आहे? काच पार ओरबाडलेली आहे."

"तुम्ही त्या बाईंना शब्द दिला होता."

"चहा ठेव तिथे," तो म्हणाला.

मित्रांनो, मला हात असते, तर तो चहा कुठे ठेवला असता, ते मी इथे सांगत नाही.

प्रदर्शनात निळीभोवती गर्दी झाली. "पेल्यासकट आहे, बघा," असं लोक एकमेकांना सांगत होते. मला कोपऱ्यात उभं केलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांची मुलगी आली. डोळ्यांवरचा चष्मा सारखा करत ती माझ्यासमोर वाकली.

"बाबांचा पेला कुठे आहे?"

"पेला?" संग्राहक हसला. "नव्हताच, ताई. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

तिचा चेहरा उतरला. स्वतःच्याच आठवणीवर शंका घेत तिनं चष्मा काढून पुसला. मला सगळ्यात जास्त चीड आली ती त्या क्षणाची. पेला कापला तो कापलाच, वर तिलाच खोटं पाडलं.

"होता," मागून त्याची बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण गर्दी वळली. "यांनी माझ्यासमोर कापून त्या निळ्या बाटलीला बसवला."

संग्राहकाचा चेहरा पांढराफटक पडला. मुलगी एवढंच म्हणाली, "मला दोन्ही द्या." त्यानं मुकाट्यानं निळीचा पेला उतरवला. तिनं तो मला चढवून पाहिला. तो अर्ध्यातच अडला. तिनं जोर केला नाही. दोघांना वेगवेगळ्या रुमालांत गुंडाळलं आणि आम्हाला घरी आणलं.

आता आम्ही तिच्या दोन खोल्यांत, खिडकीशी शेजारी शेजारी असतो. येणारेजाणारे म्हणतात, "चला, निदान परत तरी मिळाली." तिला ते पटत नाही. मलाही नाही.

मित्रांनो, तुम्हीही काहीबाही जमवत असाल. शिंपले, नाणी, काड्यापेट्या. खुशाल जमवा. पण हातात घेतलेली वस्तू आधी कुणाच्या कामी आली, ते विचारा आणि तिचं काही उणं असेल तर ते उणंच राहू द्या. दुसरीचं तोडून ते भरू नका.

आणि झालं गेलं विसर, असं मात्र मला सांगू नका. माझ्या शेजारी तो पेला उभा आहे, आणि त्याच्या अंगावर डागाची रेघ आहे.