जोडी मोडली

खोडाळ्याजवळच्या पुलाच्या कामावर पंकज सुरक्षा सुपरवायझर होता. कामातले धोके तोलायचे, मोठा धोका वर आणि किरकोळ खाली असे फळ्यावर लिहायचे, मजुरांना समजवायचे, ही त्याची नोकरी. दरड कोसळण्याला त्याने पहिला क्रमांक दिला होता, क्रेनला दुसरा. बायकांनी डोक्यावर घमेली वाहण्याला शेवटचा. बाईच्या डोक्यावर ओझे बघून आपल्याकडे कुणाच्या कपाळाला आठी पडते?

त्या बायकांत त्याची सख्खी भाची होती. मुकादम कमलेश एकट्या गड्याला कामावर घेतच नसे. नवऱ्याने खणायचे, बायकोने वाहायचे, अशी जोडीच हवी. मग पाड्यापाड्यांवर शाळेतल्या पोरी उठवून जोड्या जुळवल्या जात. हर्षाली सोळाची होती. मामाचा मान म्हणून तिच्या लग्नात पंकज नवे धोतर नेसून मिरवला होता.

"मामा, कंबर लय दुखते," त्या सकाळी ती म्हणाली. तिला पाचवा महिना होता.

"सावलीत बस आज."

"बसले तं जोडी मोडली म्हणतील. गोकुळलाबी घरी धाडतील."

गोकुळ तिचा नवरा. पंकज क्रेन तपासायला निघून गेला.

दुपारी ती उतारावर घमेल्यासकट बसली ती उठलीच नाही. लुगडे रक्ताने भिजले होते. मोखाड्याच्या दवाखान्यातून जव्हारच्या मोठ्या दवाखान्यात नेताना, जीपमध्ये पंकजच्या मांडीवरच तिने जीव सोडला. पोर हकनाक गेली. "हा अपघात नव्हे, बाळंतपणाचं दुखणं. आपल्या यादीत येत नाही," कामावरचे साहेब म्हणाले.

दिवसकार्य उरकले, तसा कमलेश सुकीच्या, म्हणजे पंकजच्या बहिणीच्या, ओट्यावर येऊन बसला. एक बैल मेला की दुसरा आणावा, अशा सुरात म्हणाला, "गोकुळची जोडी मोडली. तुझी धाकटी पोशी हाय ना?"

पोशी चौदाची. सुकीने भावाकडे पाहिले. "तूच सांग रं. नवरा-बायको दोघं राबली तं घर चालतं."

"नाही द्यायची," पंकज म्हणाला. "कमलेश, पुन्हा या ओट्यावर आलास तर पोलिसांत जाईन. ज्यांच्या बायका अठराच्या आतल्या आहेत, ती सगळी नावंही देईन. नोकरी गेली तरी चालेल."

कमलेश पुटपुटत निघून गेला. दाराआड उभी असलेली पोशी हळूच पुढे आली.

"मामा, ताईच्या वेळी का नाय बोलला?"

प्रश्न एकट्या पंकजला नव्हता. अशा लग्नांत जेवून आलेल्या आपणा सगळ्यांनाच ती विचारत होती.