नावात मोकळी जागा नको

आमच्या घरात अबोला सुरू झाला की सासूबाईंच्या अंगात बळ येतं. एरवी गुडघे चोळत बसणाऱ्या त्या, पण आम्ही नवरा-बायको बोलेनासे झालो की वरच्या घरातून खालच्या दुकानात आणि दुकानातून वर अशा निरोप घेऊन दिवसभर जिना चढतात-उतरतात. बरं, निरोप आहे तसा पोचवतील तर त्या सासूबाई कसल्या! मी सांगावं, "जेवण झाकून ठेवलंय म्हणावं," आणि त्यांनी खाली जाऊन सांगावं, "ती म्हणते, गिळायचं तर गीळ."

यावेळचा अबोला मात्र साधासुधा नव्हता. आमच्या ह्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकं दिवसभर फोन करून भंडावतात: चष्मा झाला का, माझा मागचा नंबर किती होता. मी तेव्हा वेबसाइटची पानं बनवायच्या वर्गाला जात होते. मनात आलं, दुकानाचंच पान करावं. गिऱ्हाइकाने नाव आणि पासवर्ड टाकायचा, आत शिरायचं आणि आपलं आपण बघायचं. सुरुवात अर्थातच दारापासून, म्हणजे लॉगिनच्या फॉर्मपासून. दोन चौकटी आणि खाली 'आत या' असं बटण. सांगायला एवढंच, पण ते बटण चौकटींच्या बरोबर मधोमध आणताना मला जो घाम फुटला तो बाळंतपणातसुद्धा फुटला नव्हता. कोडमध्ये एक कंस राहिला की सगळं पान रुसून बसायचं.

वर्गात शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण शिस्तीची पक्की. तिने बजावलं होतं, "काकू, कुणाचं काही चुकलं तर येणारे संदेश यंत्रासारखे लिहू नका. समोर बसून माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे." आणि हेही सांगितलं होतं, की सध्या आपण फक्त पुढची बाजू शिकतोय. लिहिलेलं पाठवायचं कुठे आणि ठेवायचं कसं, ती मागची बाजू पुढच्या वर्गात. थोडक्यात, माझ्या फॉर्मला दार होतं, घंटा होती, घरात मात्र कोणी राहत नव्हतं.

वर्गाचं शेवटचं काम असं होतं, की संगणकातलं ज्याला ओ की ठो कळत नाही अशा माणसाकडून फॉर्म भरून घ्यायचा. असा माणूस मला शोधावा लागला नाही. पान दुकानातल्या संगणकावर टाकलं आणि ह्यांना म्हटलं, सवड झाली की भरून बघा.

त्याच संध्याकाळी वन्सं आल्या. "वहिनी, काहीतरी शिकताय म्हणे?" असं त्यांनी कौतुकाने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "काही नाही गं, टाइमपास. दोन चौकटी काढल्यात तिने." वन्सं हसल्या. मीही हसले, आणि ते मला ह्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्या दोन चौकटींसाठी मी रात्र रात्र डोळे फोडले होते, आणि वर स्वतःच हसून मोकळी झाले. वन्सं गेल्या आणि मी तोंडाला कुलूप घातलं. मला साडी नको होती, फिरायला जायचं नव्हतं. तो एक शब्द परत घेतलेला हवा होता, आणि तोही ह्यांच्या तोंडाने.

हे दोन दिवस ताठ्यात राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारपासून सासूबाईंच्या निरोपांचा सूर बदलला.

"तो म्हणतो, तू फार ताणतेस."

"मी? मी तर त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीये."

"तेच. तो म्हणतो, एवढी अक्षरं कशाला हवीत हिला?"

मला वाटलं, आईंनी निरोपात आपल्या पदरचं घातलं असणार. मी लक्ष दिलं नाही.

खाली काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं, पण इथेच सांगून टाकते. दुकानात गर्दी नव्हती. ह्यांना अबोल्याने आतून पोखरलं होतं, पण जिना चढून येण्यात अपमान वाटत होता. तेवढ्यात संगणकावर माझं पान दिसलं. 'भरून बघा' म्हटलेलं ते भांडणात पार विसरले होते. 'नमस्कार! आपण कोण?' खाली रिकामी चौकट. ह्यांनी भाचीला अशाच चौकटीत लिहून मैत्रिणींशी गप्पा मारताना पाहिलं होतं. त्यांची खात्रीच पटली, की मी वर संगणकापाशी बसून त्यांची वाट बघतेय. माझं मन केवढं मोठं, असंही म्हणे त्यांना वाटलं.

त्यांनी एका बोटाने टिपलं: 'मी आहे. चुकलं माझं.' आणि 'आत या' दाबलं.

उत्तर आलं: 'नावात मोकळी जागा नको.'

हे गोंधळले, पण बायकोचं बोलणं पहिल्या झटक्यात कळायची सवय त्यांना नव्हतीच. त्यांनी सगळे शब्द एकमेकांना चिकटवले. उत्तर आलं: 'पासवर्ड दिल्याशिवाय आत घेता येणार नाही.'

म्हणजे हिला आणखी काहीतरी हवंय, असा अर्थ त्यांनी काढला. दुसऱ्या चौकटीत लिहिलं, 'सॉरी'. लिहिता लिहिता अक्षरांचे काळे ठिपके झाले. आपलं बोलणं हिला बघायचंसुद्धा नाही, असं वाटून ते हबकले. उत्तर आलं: 'हे फारच लहान आहे. निदान आठ अक्षरं तरी लिहा.'

इथे ह्यांनी आईला हाक मारून तो अक्षरांचा निरोप वर पाठवला. मग मुकाट्याने 'सॉरी सॉरी सॉरी' लिहिलं.

'एखादा आकडाही घाला.'

'शंभर वेळा सॉरी.'

'एखादा आकडाही घाला.'

'100 वेळा सॉरी!'

'हे बरोबर नाही. नीट आठवून बघा.'

हे मात्र त्यांच्या वर्मी लागलं. ते खरोखर आठवत बसले. दरम्यान एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या नाकावर नंबर तपासायची जड फ्रेम चढवून ह्यांनी त्याला तक्त्यासमोर बसवलं आणि पुन्हा संगणकाकडे वळले. काय बोललो, कुणासमोर बोललो, का बोललो, सगळं त्या ठिपक्यांच्या चौकटीत लिहून काढलं. आयुष्यात ह्यांनी मला एवढं लांब पत्र लिहिलेलं नाही. आणि बटण दाबलं.

'तुम्ही बऱ्याच वेळा चुकला आहात. आता थोडं थांबून या.'

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. हे दारात उभे, चेहरा लालबुंद, मागे सासूबाई, आणि त्यांच्याही मागे भिंतीला चाचपडत ते गिऱ्हाईक, नाकावर तशीच फ्रेम.

"अगं, माणसाने किती आकडे घालून माफी मागायची?" हे ओरडले. "आणि एवढं सगळं लिहिल्यावर थांबून या? मी काय उधारी मागायला आलोय?"

"काय लिहिलंत? कुठे?"

"त्या तुझ्या चौकटीत!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तशी मी खुर्चीवर बसले आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागले. ह्यांना वाटलं रडतेय. ते एकदम नरमले.

"अहो, ती मी नव्हते," मी कसंबसं म्हटलं. "तो फॉर्म आहे. ती वाक्यं मी आधीच लिहून ठेवली होती."

"आधीच? म्हणजे भांडणाच्या आधी?"

"हो."

"मी चुकणार हे तुला आधीच ठाऊक होतं?"

"गिऱ्हाइकांसाठी लिहिली होती हो!"

"मग मी लिहिलेलं गेलं कुठे?"

"कुठेच नाही. त्या फॉर्मला मागची बाजू नाही. लिहिलं, बटण दाबलं की संपलं. काहीही लिहा, शेवटी 'बरोबर नाही' असंच म्हणतो तो."

ह्यांचा चेहरा पाहून माझं हसू आटलं. दोन दिवसांचा ताठा मोडून माणसाने एका बोटाने मनातलं सगळं टिपलं होतं आणि ते हवेत विरून गेलं होतं. मला त्यांची दया आली, आणि स्वतःची जरा जास्तच आली. कारण मला जे हवं होतं ते कुणीतरी लिहिलं होतं आणि ते वाचणारं कुणीच नव्हतं.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

हे खिडकीकडे बघायला लागले.

"अरे सांग की!" सासूबाई म्हणाल्या. "हा निरोप मला पोचवता येणार नाही, मला ठाऊकच नाही."

"लिहायला सोपं असतं," हे पुटपुटले. मग घसा साफ करून म्हणाले, "लिहिलं होतं, की ते टाइमपास म्हणायला नको होतं. ताईने तुला कौतुकाने विचारलं, आणि मला… मला पानाबद्दल काही कळत नव्हतं. ती मला काही विचारेल आणि आपलं अज्ञान दिसेल, म्हणून मी आधीच उडवून लावलं. तुझी मेहनत दिसत होती मला. रोज दिसत होती."

"मोठ्याने बोल, मला नीट ऐकू आलं नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"मला आलं ऐकू," गिऱ्हाईक म्हणालं. "दिसत मात्र काही नाहीये."

मी डोळे पुसले. आता खरंच रडत होते, आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

"एक सांगू?" हे म्हणाले. "अर्धी दुपार मी त्या पानाशी भांडलो, आणि एकदाही मला शंका आली नाही की ही तू नव्हेस. दोन चौकटींत हे कसं काय केलंस?"

वर्गातल्या त्या पोरीने दिलेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा मला हे जास्त गोड लागलं.

"ती मागची बाजू शिकवतात का कुठे?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्गात. मी नाव घातलेलं नाही. बरेच महिने लागतात."

"घाल. माणूस एवढं लिहितो, ते कुठेतरी पोचायला हवं." गिऱ्हाइकाचा हात धरून ते जिन्याकडे वळले आणि पहिल्या पायरीवर थांबले. "तू शिकेपर्यंत मी वर येऊन बोलत जाईन."