यजमान गावच्या पोरी

झाकण उघडून बर्फ शोधू नका, आज आत बर्फ नाही. मी वासितीमावशीची बर्फाची पेटी बोलतेय. वानुआ लेवू बेटाच्या किनाऱ्यावरच्या या गावात उन्हात बसून बसून पांढऱ्याची पिवळी झालेय. एक कडी तुटलीय, तिथं होडीची दोरी बांधलीय.

आधी माझ्यात मासे असायचे. मावशीचा नवरा मला होडीतून न्यायचा. तो गेल्यावर मावशीनं मला घासून रग्बीच्या मैदानावर आणलं. गावच्या मुलींचा संघ तीच सांभाळते, सामने असतील त्या गावी मलाही नेते. माझा वास मात्र गेला नाही.

"मावशी, गुडघ्याला बर्फ लावतेस की बांगडा?"

"गप गं. बांगडासुद्धा तुझ्यापेक्षा जोरात पळतो."

रडत आलेली कुठल्याही संघाची पोर माझा बर्फ लावून हसत मैदानात परतायची. मला केवढा तोरा! वाटायचं, मी बरं करते. कसलं बरं? मी बधिर करत होते. अंग आतून ओरडून सांगत होतं, थांब. मी त्याचं तोंड दाबत होते.

गेल्या वर्षी सामने आमच्या गावात भरले. आसिनाते म्हणजे संघाचा जीव. पहाटे उठून तिनं कसाव्याचे कंद सोलले, स्वयंपाकाच्या भट्टीचे दगड तापवले, मग सकाळचा सामना खेळली. दुपारी चटया अंथरल्या तशी वाढायला उभी राहिली. आमच्यात आधी पाहुणे, मग म्हातारे, मग बाकीचे पुरुष, आणि शेवटी वाढणाऱ्या बायका. तिची जेवायची पाळी यायच्या आत पुढच्या सामन्याची शिट्टी झाली.

त्या सामन्यात तिचा गुडघा मुरगळला. लंगडत माझ्याकडे आली. मावशीनं बर्फ दाबून धरला.

"काय वाटतंय?"

"काहीच वाटत नाही."

"मग जा, अंतिम सामना आहे!"

ती गेली. पळता पळता वळली आणि गुडघा कायमचा गेला. ती किंकाळी बर्फानंसुद्धा दाबली गेली नसती.

काही दिवसांनी आरोग्य केंद्रातली तोरिका नर्स आली. ती गावोगावच्या सामन्यांना जाते. मावशीशेजारी बसून म्हणाली, "तुझ्या पेटीकडे कुठल्या पोरी येतात गं?"

"पडलेल्या."

"ते कळतं मला. कुठल्या गावच्या?"

मावशीनं बोटांवर गावं मोजली. "जिथं सामने, तिथल्याच जास्त. गावासमोर मिरवायला जातात ना!"

"मीही प्रत्येक गावात तेच बघतेय. आणि पडतात त्या दुपारनंतर. मावशी, त्या जेवलेल्या असतात का?"

मावशीनं माझ्या कडीची दोरी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "कसावा सोलायला मीच बसवलं होतं तिला."

आणि मी? प्रत्येक गावात माझ्यात हात घालणाऱ्या पोरींच्या बोटांना धुराचा न् कांद्याचा वास यायचा. तो सगळ्यांच्या आधी मला यायचा. मला कळायला नको होतं?

यंदा सामने पुन्हा आमच्याकडे. आसिनातेची धाकटी बहीण केलेरा तिच्याच जागी खेळणार. मावशीनं बर्फ वेगळ्या डब्यात ठेवला आणि सांगून टाकलं, ज्या पोरीला बर्फ लागेल, ती त्या दिवशी परत खेळणार नाही. माझ्यात तिनं उकडलेला कसावा, मासे, केळी, शहाळी भरली. दुपारी पाहुण्यांच्या आधी पोरींना जेवायला बसवलं.

गावप्रमुख सेमिसी धावत आला. "वासिती! पाहुणे उपाशी आणि पोरी जेवतायत? गावाचं नाक कापतेस?"

"नाक राहू दे दादा, गुडघे वाचव. तुझे मुलगे रिकामे उभे आहेत, त्यांना दे पातेली."

"पुरुष वाढणार?"

"का, हात दुखतात? बर्फ देऊ?"

पोरी फिसकन हसल्या. केलेराचा घास मात्र हातातच थांबला. तेवढ्यात आसिनाते पाय ओढत आली आणि माझ्या झाकणावर बसली. तो पाय तिला दुमडता येत नाही. सेमिसीनं त्या पायाकडे पाहिलं. मग वाकून स्वतःच पातेलं उचललं.

"आधी कुठल्या चटईवर नेऊ?" त्यानं विचारलं.

केलेरानं घास तोंडात घातला.

संध्याकाळचा सामना आम्ही हरलो. केलेरा पळत माझ्याकडे आली. म्हटलं, हीसुद्धा पडली. तिनं झाकण उचललं, तळापर्यंत हात घातला. "मासा संपला?"

"हरून वर खायला हवं हिला!" आसिनाते हसली, आणि पुन्हा माझ्यावर टेकली.

ती मला कधी बोल लावत नाही. त्याचंच ओझं जास्त होतं. तुमच्याकडे पोरी खेळत असतील तर त्यांना आधी जेवू घाला. आणि एखादी म्हणाली, काहीच वाटत नाही, तर तिला घट्ट धरून बसवा. मला हात असते तर मी धरलं असतं.