एकच हात, दोन फडकी

सकाळी इजिप्तमधल्या दम्यात्त शहरात, सुतारांच्या गल्लीत नेहमीसारखी करवतीची घरघर सुरू झाली होती. इन्शिराहनं दुकानात चहा ठेवला, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि एका नवरीसाठी बनवलेल्या कपाटाकडे बघितलं.

परत तेच.

काल संध्याकाळी दारावर लॅकरचा पातळ हात दिला तेव्हा आरशासारखं दिसत होतं. आता जागोजाग भोकं होती, आणि भोकाभोवती लॅकरची फुगलेली कड. काही ठिकाणी भोकं एकमेकांना भिडून नुसते थेंब उरले होते, तव्यावर पाणी उडावं तसे. लाकडाला लॅकर नकोच होतं जणू.

तिसरी वेळ. तिचा भाऊ मितवल्ली, दुकानाचा उस्ता म्हणजे मुख्य सुतार, दाराकडे बघतच नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता.

"हात कशाला लावलास?"

"घासायचं काम माझं आहे दादा. पायानं घासू?"

"तोंड आवर. दुपारी हाज्जा फिक्रिया येतेय, तिच्या मुलाच्या लग्नाचं कपाट बघायला. तू मागच्या खोलीत बस. उद्यापासून घरीच राहा."

हिवाळ्यात तलाक झाला आणि ती परत आली. तेव्हापासून ती दिसली की गल्लीतले लोक नवरीच्या पलंगावर चादर टाकायचे. सोडलेल्या बाईचा हात नवरीच्या सामानाला नको, असं सगळे मानतात. मितवल्लीनं तिला दुकानात ठेवून घेतलं, कारण तिच्यासारखं लाकूड कुणी घासत नाही. ते काम गेलं की तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

खरं सांगायचं तर तिलाही स्वतःच्या हातांचा संशय यायला लागला होता. सकाळपासून तीनदा साबणानं धुतले होते. मग तिला आठवलं, याच नवरीच्या पलंगाची फळी पण आपणच घासली. ती तर झकास निघाली.

पलंगाला खण नसतात.

तिनं भावाकडे नीट बघितलं. तो कपाटाच्या खणांच्या पट्ट्यांवर सिलिकॉनचा स्प्रे मारत होता. हिवाळ्यातच आणलेला नवा डबा. खण लोण्यासारखे सरकतात, गिऱ्हाईक खूश. त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं पट्ट्या पुसल्या. त्याच फडक्यानं दारावरची धूळ पुसली.

तिनं बीच लाकडाच्या दोन फळ्या घेतल्या, दोन्ही स्वतःच घासल्या. एक नव्या कापडानं पुसली. दुसरीसाठी हात पुढे केला.

"दादा, तुझं फडकं दे."

"कशाला?"

"दे तर."

दोन्हींवर एकाच डब्यातलं लॅकर, एकाच ब्रशनं. चहा संपेपर्यंत दुसऱ्या फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं उघडली आणि पसरत गेली. पहिली तशीच, गुळगुळीत. फडक्यातलं सिलिकॉन लॅकरला लाकडावर बसू देत नव्हतं.

मितवल्लीनं दोन्ही फळ्या उजेडात धरल्या. मग हळू आवाजात म्हणाला, "हे बाहेर बोलू नकोस. वीस वर्षांचा उस्ता, आणि फडकं कळलं नाही म्हणतील. तुझं काय, तुझ्याबद्दल तसंही बोलतातच."

तिनं त्याच्याकडे बघितलं. म्हणजे आता याला माहीत होतं. आणि तरी मागची खोली तिचीच.

दुपारी हाज्जा, हजला जाऊन आलेली ती मानाची बाई, आली. "ही अजून इथंच?"

इन्शिराहनं दोन्ही फळ्या पुढे केल्या. "हात एकच, हाज्जा. फडकी दोन."

हाज्जानं नाक मुरडलं. "आणि नवऱ्यानं सोडलं, तेही फडक्यामुळेच का?"

"त्याची फळी माझ्याकडे नाही. या दोन आहेत, बघा."

"उस्ता, तू सांग."

उस्ता गल्लीकडे बघत बसला. शेजारचे दोघे दारात येऊन उभे होते.

इन्शिराहनं पॉलिश पेपर उचलला आणि हाज्जाच्या डोळ्यांदेखत कपाटाचं दार घासायला बसली. "दार मी थिनरनं धुऊन पुन्हा लॅकर लावणार. रविवारी न्या, नाहीतर आज ऑर्डर मोडा. हात मी काढणार नाही."

नुसती घासण्याची खरखर. मग मितवल्लीनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तोंडानं मात्र तो आजपर्यंत काही बोललेला नाही.

कपाट रविवारी गेलं. लोक अजूनही पलंगावर चादर टाकतात. त्या दोन फळ्या दुकानाच्या दाराशी टेकवून ठेवल्यात. जाता-येता हात लावून बघा. आणि घरी गेल्यावर आपल्या खांद्यावरचं फडकंही एकदा बघा.