धरून ठेवलेली जागा

शुक्रवारी दुपारपर्यंत नव्या घरात सगळं मावलं. कपाट जिन्याच्या वळणावर थोडं रुसलं, पण आलं. पलंग आडवा होऊन दारातून गेला. बाबांच्या पुस्तकांची खोकी वाटेतच कुठेतरी हरवावीत अशी घरातल्या दोघींची मनापासून इच्छा होती, पण तीही एकूण एक पोहोचली. मावत नव्हती ती एकटी भिंगरी. "घरात मावते, शाळेत मावत नाही," असं बाबा कालपासून म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी आईच्या कपाळावरची आठी थोडी खोल जात होती.

भिंगरी सात वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. तिची आई कवळ्या बनवायची. ज्याला स्वतःचे दात आहेत त्याला या कामाची किंमत कळत नाही. कवळी केसभर चुकली तर माणसाला घासाघासाला देव आठवतो. या शहरातल्या मोठ्या डेंटल लॅबमधली मुख्य कारागीर अचानक सोडून गेली आणि तिच्या जागी हिला बोलावणं आलं. सोमवारी हजर व्हा! आता पंधरवड्यात बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? पण लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाणाऱ्यातली ती नव्हती.

बाबांचा प्रश्न नव्हता. ते घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचे. पलंग कसा जोडावा हे ते चित्रांसह समजावून सांगू शकत; प्रत्यक्ष जोडायला मात्र त्यांना मोठी बहीण लागायची. म्हणून आत्या सोबत आली होती. आत्या निवृत्त परिचारिका, एकटी, आणि बोलणं इंजेक्शनसारखं: टोचायचं, पण गुण यायचा.

ही सगळी मंडळी बसने गुरुवारीच पोहोचली होती. त्या दिवशी आईने हातपाय धुवायच्या आधी टेकडीखालची शाळा गाठली. बाकीच्या शाळा एक तर भरलेल्या, नाही तर इतक्या लांब की मुलगी पोहोचेपर्यंत मधली सुट्टी व्हायची.

"दुसरीचा वर्ग भरलाय," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "खोली लहान, बाकं मोजकी. एखादीला माझ्या मांडीवर बसवू का?"

"कोणी गेलं तर?"

"गेलं तर जागा तुमची. तुमच्यापुढे कोणी नाही. तशी एक मुलगी जाणार आहे म्हणे. पण तिची आई नाव काढेल तर शपथ! विचारलं की म्हणते, पुढच्या आठवड्यात सांगते."

आई दातओठ खात घरी आली. रिकाम्या खोलीत, आधीच्या भाडेकरूंनी मागे टाकलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून तिने त्या अनोळखी बाईचा उद्धार सुरू केला. स्वतः निघून जायचं आणि जागा अडवून ठेवायची! दुसऱ्याच्या लेकराचा काही विचार? माणुसकी म्हणून काही?

बाबा हळूच म्हणाले, "आपल्या जुन्या शाळेतून परवा फोन आला होता ना? भिंगरीचं नाव काढायचं का म्हणून?"

"ते वेगळं आहे."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

आईने रद्दीच्या गठ्ठ्याची दोरी उगाच नीट केली. "पुढच्या आठवड्यात सांगते म्हणाले."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," आत्या म्हणाली आणि केर काढायला लागली.

पण ते खरंच वेगळं होतं, निदान आईच्या लेखी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. इथे जागा मिळाली नाहीच, तर शनिवारी सकाळच्या बसने भिंगरी आत्याबरोबर परत जाणार, वर्षभर तिच्याकडे राहणार आणि जुन्याच शाळेत शिकणार, असं ठरलं होतं. ठरवलं होतं आईनेच. बेत अगदी शहाणपणाचा होता आणि तिला स्वतःलाच तो नकोसा होता. वर्षभरात पोरीचे दुधाचे दात पडून नवे येतील आणि ते आपण फोनवर ऐकायचं? जगाचे दात घडवणारी मी! ती हे कुणाला बोलली नव्हती. तिने फक्त भिंगरीची निळी बॅग भरली होती, आणि ती दाराजवळ तशीच उभी होती. इतर सगळं सामान उघडलं, ही बॅग उघडली नाही. भिंगरी तर तिच्यावरच ठाण मांडून बसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. बिचारीने मनाची तयारी केलेली दिसते, असं वाटून आईला आणखीच भरून यायचं.

शुक्रवारी ट्रक आला, रिकामा झाला, गेला. मग आईच्या लक्षात आलं.

"माझं खोकं कुठंय?"

तिचं खोकं म्हणजे तिचं भांडवल. मेण कोरायच्या सुऱ्या, आणि आजवरच्या उत्तमोत्तम कामांचे प्लास्टरचे जबडे, नव्या जागी दाखवायला जपून आणलेले. बाबांनी पुस्तकांची खोकी एकेक करून उघडली. मिळाली ती पुस्तकंच.

"ट्रकमध्ये राहिलं असेल," आत्या म्हणाली. "तो मुकादम म्हणत होता ना, रिकामा ट्रक नेणं परवडत नाही, मागच्या गल्लीतलं एक बिऱ्हाड भरून आपल्याच जुन्या गावाला परत निघणार म्हणून."

आईने चपला अडकवल्या आणि धावली. मागे भिंगरी, तिच्यामागे आत्या. कोपऱ्यावर वळतात तोच एका बाईची किंकाळी ऐकू आली.

"सापडलं खोकं," आई म्हणाली.

ट्रकच्या मागे, फुटपाथवर, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई एका उघड्या खोक्यापासून दूर होऊन भिंतीला टेकून उभी होती. खोक्यातून पाच-सहा जबडे तिच्याकडे बघून हसत होते.

"हे कोणाचे आहेत?" तिने कसंबसं विचारलं.

"माझे," आई म्हणाली. बाई आणखी मागे सरकली. "म्हणजे मी बनवलेत. कवळ्यांसाठी."

"जिवंत माणसांचे?"

"बनवले तेव्हा तरी जिवंत होती."

बाई हसली आणि पायरीवर बसली. आईही बसली. ती बाई चष्मे बनवायची, भिंगं घासायची. "म्हणजे लोकांना घास दाखवायचं काम माझं, चावायचं तुमचं," ती म्हणाली. नवरा महिन्यापूर्वीच तिकडच्या गावी कामाला लागला होता. आता ही निघाली होती, दुकान उचलून.

"मुलं?" आईने सहज विचारलं.

चष्मेवालीचा चेहरा उतरला. तिने बोट दाखवलं. दाराशी एक बारीकशी मुलगी सामान गुंडाळायच्या फुग्यांच्या प्लास्टिकवरचे फुगे एकेक करून मन लावून फोडत होती. शेजारी भिंगरी कधीच जाऊन बसली होती आणि दुसऱ्या टोकाकडून फोडत होती.

"ही आमची मुंगी. वर्षभर आजोबांकडे ठेवून चाललेय तिला. तिकडे शाळेत जागाच मिळेना. एक मुलगी जाणार आहे म्हणतात, पण तिची आई, काय बाई आहे कोण जाणे, नाव काढायचं नावच घेत नाही."

आईचे कान गरम झाले.

"कुठली शाळा?"

"पुलापलीकडची. पिवळ्या भिंतीची."

त्या पिवळ्या भिंतीला टेकून आईने शाळा सुटायची वाट पाहण्यात दोन वर्षं घालवली होती.

"दुसरीत?"

"दुसरीत. तुम्हाला कसं कळलं?"

"ती बाई मीच," आई म्हणाली. "आणि मुंगी इथे टेकडीखालच्या शाळेत जाते? तिथलं नाव अजून काढलं नाहीये?"

"नाही काढलं. तिकडे जमलं नाही तर हातचंही जाईल म्हणून..." चष्मेवाली बोलता बोलता थांबली.

"मग दुसरी बाई तुम्ही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोघी पोट धरून हसल्या. इतक्या की मुकादमाने कपाट खाली ठेवून काय झालं ते विचारलं. मग हसू ओसरलं आणि दोघी एकमेकींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागल्या.

"तुम्ही फोन करा ना मग," आई म्हणाली.

"करते की. तुम्ही केलात की करते."

"मी आधी जागा सोडली आणि तुमचा विचार बदलला तर?"

"आणि माझं तसं झालं तर?"

"छान," मागून आत्या म्हणाली. "बसा दोघी धरून. मी जबडे उचलते."

तेवढ्यात दाराकडून भिंगरीचा आवाज आला. "तुझं सामान कुठलं?"

"ती हिरवी बॅग," मुंगी म्हणाली. "ती राहणार आहे. आईची जाणार आहे."

आईने पाहिलं. हिरवी बॅग सगळ्या सामानापासून वेगळी, दाराजवळ उभी होती. अगदी तशीच. तिने पुढे काही विचार केला नाही. विचार केला असता तर धीर झाला नसता. तिने फोन काढला.

"भिंगरीचं नाव काढा," ती म्हणाली. "हो, आजच. आत्ताच. आणि जिला जागा हवी आहे तिची आई इथेच आहे, बोला तिच्याशी."

चष्मेवाली बोलली. हो म्हणाली, आभार मानले, डोळे पुसायला चष्मा काढला. मग तिने टेकडीखालच्या शाळेला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. इथली शाळा शुक्रवारी लवकर सुटायची.

आता आईच्या हातात इकडची जागा नव्हती आणि तिकडचीही. चष्मेवालीचं काम तर झालं होतं. ट्रक भरत आला होता, मुकादम घाई करत होता. ती "सोमवारी फोन करते हं" म्हणून ट्रकमध्ये चढली असती तर आईला काय म्हणता आलं असतं? पुढच्या आठवड्यात सांगते, हे वाक्य तर तिचं स्वतःचंच होतं.

चष्मेवालीने चष्मा चढवला. "चल," ती म्हणाली. "कुलूप लागायच्या आत."

दोघी धावल्या. शाळेच्या फाटकाशी शिपाई किल्ल्यांचा जुडगा चाचपत होता आणि मुख्याध्यापिकाबाई स्कूटरवर बसलेल्या होत्या.

"नाव काढायचंय!" एक ओरडली.

"नाव घालायचंय!" दुसरी ओरडली.

बाईंनी दोघींकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि स्कूटर बंद केली. कचेरी पुन्हा उघडली. एक नाव खोडलं, एक लिहिलं.

"सोमवारी सकाळी पाठवा," त्या आईला म्हणाल्या. "जाणारी मुलगी मोठी गुणाची. वर्गात चूं नाही की चां नाही. तुमची कशी आहे?"

"तशीच," आई म्हणाली. नव्या गावातली तिची ही पहिली थाप.

ट्रक निघाला तेव्हा मुंगी पुढे आपल्या आईच्या शेजारी बसली होती, हिरवी बॅग मांडीवर घेऊन. भिंगरी ट्रकबरोबर कोपऱ्यापर्यंत धावली. "नळाजवळच्या बाकावर बसू नको," ती ओरडत होती, "पाणी उडतं!"

घरी आल्यावर आई थेट दाराकडे गेली. "आण ती बॅग. आता उघडायची."

भिंगरी पटकन बॅगेवर बसली. "नंतर."

"नंतर का? ऊठ."

आईने बॅग उचलली आणि चकित झाली. तिने स्वतः दाबून दाबून भरलेली बॅग पिसासारखी हलकी होती. तिने चेन ओढली. आत चुरगाळलेले कागद होते. रद्दीचा अख्खा गठ्ठा, बोळा करून करून कोंबलेला. बाबांनी भिंतीतल्या कपाटाचा तळचा कप्पा उघडला. तिथे भिंगरीचे सगळे कपडे होते, घड्या वाकड्या, पण सगळे.

"कधी केलंस हे?"

"काल. तू त्या जागा अडवणाऱ्या बाईला नावं ठेवलीस ना, त्याच्यानंतर."

आईने आत्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आत्या म्हणाली. "मी फक्त बोळे करून दिले. तिचे नीट होत नव्हते." मग तिने तोंड फिरवलं आणि नसलेली धूळ पुसायला लागली. भिंगरी गेली असती तर एकट्या आत्यालाही वर्षभर सोबत मिळाली असती, हे आईला तेव्हा कुठे उमगलं. "ताई, उद्याची बस नको," आई म्हणाली. "आठवडाभर राहा."

"बघते," आत्या म्हणाली.

आई भिंगरीकडे वळली. "आणि शाळेत जागा मिळालीच नसती तर?"

"तर घरी बसले असते," भिंगरी म्हणाली. "घरात मावते की मी."

आई तिथेच फरशीवर, कागदांच्या बोळ्यांत बसली. हसावं की रडावं ते ठरेना, म्हणून तिने दोन्ही केलं आणि पोरीला मांडीवर ओढून घेतलं. भिंगरी चक्क दोन मिनिटं टिकली.